तांब्याभर पेट्रोल

एक लिटर पेट्रोल म्हणजे घरातल्या पाणी पिण्याच्या तांब्यात मावेल एवढा जिन्नस. वजन करू गेले तर ते पाऊण किलोच्या आसपास भरते. असे तांब्याभर पेट्रोल एखाद्या लहान मोटारीच्या टाकीत ओतले, की हजार किलो वजनाची ती मोटार, आत बसलेली चार माणसे आणि त्यांचे सामानसुमान यांसह पंधरा किलोमीटर सहज धावते. पुण्याच्या स्वारगेटपासून निघालेला मनुष्य एवढ्यात खडकवासल्याच्या धरणाजवळ जाऊन पोचतो. तेच ओझे बैलगाडीत भरून तेवढेच अंतर न्यावयाचे म्हटले, तर बैलांच्या चांगल्या जोडीलाही चार-पाच तास लागतील आणि मुक्कामी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस येईल. तांब्याभर द्रवात एवढे बळ साठलेले असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कारण पेट्रोल आपल्या डोळ्यांपुढे जळत नाही. ते टाकीत शिरते आणि नाहीसे होते.

आता असे समजा, की शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन गृहस्थांनी एकाच दिवशी, एकाच कारखान्याच्या आणि एकाच जातीच्या दोन मोटारी विकत घेतल्या. दोघेही रोज एकाच रस्त्याने कचेरीस जातात. वर्षाअखेर हिशेब मांडला, तेव्हा एकाला लिटरमागे अठरा किलोमीटर पडल्याचे दिसले आणि दुसऱ्याला चौदाच. ‘माझी गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही,’ अशी दुसऱ्याची तक्रार सुरू होते. तो कारखान्याला दोष देतो, पंपावरच्या मापाला दोष देतो, कधी रस्त्यातल्या खड्ड्यांनाही देतो. स्वतःच्या उजव्या पायाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. हा उजवा पाय, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा आणि ब्रेक लावणारा पाय, इंधनाचा खर्च कसा वाढवतो किंवा कमी करतो, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम पेट्रोलचे होते काय ते पाहिले पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते, तापलेला वायू दट्ट्याला ढकलतो आणि त्या ढकलण्याने शेवटी चाके फिरतात. परंतु जळणातून निघालेल्या उष्णतेचा फार थोडा वाटा चाकांपर्यंत पोचतो. पेट्रोलच्या साधारण मोटारीत चारांपैकी तीन वाटे उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर, धुराच्या नळीवाटे आणि यंत्राच्या आपसांतील घर्षणात निघून जाते. उरलेला एक वाटा तेवढा गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. पण इंजिनाचा हा उष्णतेचा तोटा बव्हंशी कारखान्यात ठरलेला असतो, आणि चालकाला त्यात थोडाच फरक करता येतो. त्याच्या हाती आहे तो मुख्यतः हा चौथा वाटा. तो कोणाकोणाला वाटून द्यावयाचा, हे तो रस्त्यावर दर क्षणी ठरवीत असतो.

सपाट रस्त्यावर या वाट्याचे मागणीदार तिघे. पहिला रस्ता. रबरी चाक रस्त्यावर टेकते तेथे ते किंचित चेपते आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगते. या सततच्या चेपण्या-फुगण्यात ऊर्जा खर्च होते. चाकात हवा कमी असेल तर चाक अधिक चेपते आणि खर्चही अधिक होतो. सायकलच्या चाकात हवा कमी असताना पायडल मारणे किती जड जाते, याचा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. मोटारीचे इंजिन बिचारे बोलत नाही. ते मुकाट्याने जास्त पेट्रोल पिते. चाकांतली हवा पंधरवड्यातून एकदा तपासून घेण्यास काहीच श्रम पडत नाहीत, तरीही हे काम करणारी माणसे थोडी असतात. या पहिल्या मागणीदाराविषयी एवढे पुरे, कारण त्याची मागणी गाडी हळू जावो की जलद जावो, दर किलोमीटरला जवळजवळ सारखीच असते.

दुसरा मागणीदार वारा. आणि तो मोठा लबाड आहे.

हवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तिला वजन नाही असे वाटते. वास्तविक एक घनमीटर हवेचे वजन एक किलोहून थोडे अधिक असते. मोटारीचा दर्शनी भाग सुमारे दोन चौरस मीटरांचा धरला, तर एक किलोमीटर पुढे जाताना तिला सुमारे दोन हजार घनमीटर हवेतून वाट काढावी लागते. या हवेचे वजन दोन टनांहून अधिक भरते. म्हणजे एक टन वजनाची मोटार किलोमीटरभर जाताना आपल्या दुपटीहून अधिक वजनाची हवा चिरीत आणि ढवळीत जाते! कारखानदार मोटारींना माशासारखा निमुळता, गुळगुळीत आकार देतात, तो केवळ शोभेसाठी नव्हे. ही हवा शक्य तितक्या शांतपणे बाजूला सरकावी यासाठी.

गाडी सावकाश जात असेल तर हवेलाही सावकाश बाजूला होता येते. गाडीचा वेग दुप्पट केला, तर त्याच किलोमीटरमधली तेवढीच हवा दुप्पट वेगाने बाजूला फेकावी लागते. गतीत असलेल्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दुप्पट झाला की वाऱ्याची मागणी दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट केला तर ती नऊपट होते. साधारण मोटारीत ताशी ६० किलोमीटरच्या आसपास रस्त्याची मागणी आणि वाऱ्याची मागणी जवळजवळ बरोबरीला येतात. तेथून पुढे रस्ता मागे राहतो आणि वारा वाढत जातो. तीच मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली, की रस्ता मागेल त्याच्या चौपट वारा मागू लागतो. टपावर बिछाने, पेट्या, नाहीतर लग्नाचा आहेर बांधलेला असेल, तर वाऱ्याला धरावयास आणखी जागा सापडते. काम झाल्यावरही टपावरचा रिकामा कठडा तसाच ठेवून महिनोन्महिने हिंडणारे लोक त्या कठड्याचे भाडे रोज पेट्रोलमध्ये भरीत असतात.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की असे असेल तर मोटार अगदी गोगलगाईच्या गतीने चालवावी म्हणजे सर्वांत कमी पेट्रोल लागेल काय? नाही. इंजिन नुसते चालू ठेवण्यासही इंधन लागते. लहान मोटार एका जागी उभी ठेवून इंजिन सुरू ठेवले, तर तासाला अर्धा लिटर ते एक लिटर पेट्रोल जळते आणि गाडी एक पाऊलही पुढे सरकत नाही. फार हळू गेल्यास हा बसल्या जागचा खर्च थोड्याच किलोमीटरांवर वाटला जातो, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनही व्यर्थ गरगरत राहते. म्हणून अतिमंद वेगही महाग आणि अतिवेगही महाग. या दोहोंच्या मधला पट्टा काटकसरीचा. भारतात इंधनाच्या बचतीसाठी १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर या बेताने, एकसारख्या वेगाने गाडी चालवावी, असा सल्ला ही संस्था देत आली आहे. आजच्या पाच-सहा गिअरांच्या मोटारींत हा पट्टा थोडा वर सरकला आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये त्या ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान कोठेतरी सर्वांत कमी इंधनात चालतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे इंजिन वेगळे. परंतु वारा त्यांनाही सोडीत नाही. भरधाव नेल्यास त्यांची विद्युतघटमालाही लवकर रिती होते.

‘पण वेळ वाचतो ना!’ असे वेगाचे भोक्ते म्हणतात. तो किती वाचतो, हे पाटीवर मांडून पाहू. शंभर किलोमीटरचा मोकळा रस्ता धरा. ताशी ४० किलोमीटरने गेल्यास १५० मिनिटे लागतात; ६० ने गेल्यास १०० मिनिटे. येथे पन्नास मिनिटे वाचली, हे खरे. वेग ८० केल्यास ७५ मिनिटे लागतात. आणखी पंचवीस मिनिटे वाचली. १०० केल्यास ६० मिनिटे, म्हणजे पंधराच मिनिटांची बचत. आणि १२० केल्यास ५० मिनिटे, म्हणजे दहाच. वेग प्रत्येक वेळी विसानेच वाढवला, पण वाचणारा वेळ पन्नास, पंचवीस, पंधरा, दहा असा आटत गेला. वाऱ्याची मागणी मात्र प्रत्येक पायरीला आधीपेक्षा मोठी उडी घेते. वाण्याच्या दुकानात अर्ध्या मापाला दुप्पट पैसे कोणी मागितले तर आपण तेथून उठून येऊ. रस्त्यावर तोच व्यवहार आपण हौसेने करतो. शिवाय रस्ता मोकळा असेल तरच ही दहा मिनिटे हाती लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भरधाव जाऊन मिळवलेली दहा मिनिटे पथकर नाक्याच्या रांगेत किंवा शहराच्या तोंडाशी एका खोळंब्यात सहज खर्ची पडतात.

तिसरा मागणीदार ब्रेक. शहरांत आणि गर्दीच्या रस्त्यांवर वाऱ्यापेक्षा यानेच अधिक लूट केलेली आढळेल.

ब्रेक लावताना इंधन खर्च होत नाही, असे आपणांस वाटते. परंतु गाडीला वेग कोठून आला? पेट्रोल जाळून आला. हजार किलोची मोटार उभ्याची ताशी ६० किलोमीटर वेगावर नेण्यास केवळ तिला गती देण्यासाठी सुमारे सतरा मिलिलिटर पेट्रोल लागते. चहाचे तीन चमचे भरून थोडे वर उरेल एवढे ते होते. पुढे तांबडा दिवा दिसताच चालकाने ब्रेक दाबला, की ही सगळी गती ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन हवेत विरून जाते. म्हणजे तीन चमचे पेट्रोल रस्त्यावर ओतून दिले म्हणा ना! हाच थांबा ताशी ३० किलोमीटर वेगावरून घेतला असता, तर वेगाच्या वर्गाच्या नियमाने चौथा हिस्साच, म्हणजे चमचाभरदेखील नव्हे, एवढेच पेट्रोल वाया गेले असते. सिग्नल हिरवा होताच उसळी मारून सुटणे, पुढच्या तांबड्या सिग्नलपर्यंत धावणे आणि तेथे करकचून थांबणे, ही अनेकांची रीत असते. मागून शांतपणे येणारा मनुष्य त्याच सिग्नलपाशी त्यांच्या शेजारी येऊन उभा राहतो. फरक इतकाच, की त्याचे चमचे त्याच्या टाकीत शिल्लक असतात. विजेच्या आणि संमिश्र इंधनाच्या मोटारींत थांबतानाची पुष्कळशी गती पुन्हा विजेच्या रूपाने साठवण्याची सोय असते. पेट्रोल आणि डिझेलच्या साध्या गाड्यांना ती नाही.

शाळेची सहल घेऊन एकदा आम्ही एस.टी.च्या गाडीने वाईहून पाचगणीला चाललो होतो. मी चालकाच्या मागच्याच बाकावर बसलो होतो. पन्नाशीचा, मिशा पिकलेला तो गृहस्थ गाडी इतकी हळुवार हाकीत होता, की मागे मुलांच्या मांडीवरचे डबेसुद्धा हलत नव्हते. वाईच्या गर्दीतून निघताना माझ्या ध्यानात आले, की हा मनुष्य ब्रेकला फारसा पायच लावीत नाही. दूरवर म्हशींचा कळप रस्ता ओलांडताना दिसला, तेव्हा त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आपसूक मंदावली आणि आम्ही तेथे पोचेपर्यंत शेवटची म्हैस पलीकडे गेलेली होती. मी म्हणालो, “ड्रायव्हरसाहेब, तुम्ही ब्रेक फार जपून वापरता.” तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “गुरुजी, ब्रेक मारला म्हणजे डिझेल सांडलं असं आम्ही समजतो. म्हस पळत न्हाई, मग आपण कशाला पळायचं?” ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवला, पण इतक्या थोड्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही.

पुढे पसरणीचा घाट लागला. घाट चढताना इंजिनाला जास्त इंधन लागणारच. तेथे चालकाचे कौशल्य योग्य गिअर वेळेवर टाकण्यात असते. खरी परीक्षा उतरताना होते. उतारावर इंजिन बंद करावे, किंवा गिअर काढून गाडी ‘न्यूट्रल’ला सोडून द्यावी, म्हणजे फुकटात उतरता येते, असा समज कित्येक चालकांत खोलवर रुजलेला आहे. हा समज चुकीचा तर आहेच, पण प्राणघातकही आहे. आधुनिक गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर उताराच्या जोराने चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा यंत्रणा आपोआप जवळजवळ बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरावे लागते, म्हणून ते इंधन घेतच राहते. मग बचत कोठे झाली? उलट गाडीला मागे खेचून धरणारे इंजिनाचे बळ तुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापता तापता त्यांची पकड ढिली पडते. इंजिन बंदच केले तर संकट आणखी मोठे. बस आणि ट्रक यांचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात, आणि हा दाब निर्माण करणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबले की टाकीतली हवा संपेपर्यंतच ब्रेक लागतील, पुढे नाही. लहान मोटारींतही इंजिन बंद पडल्यावर ब्रेक आणि सुकाणू जड होतात. म्हणून ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. आमचा तो चालक परतीच्या वाटेवर याच रीतीने उतरला. इंजिन घरघरत होते, गाडी आवरलेली होती, आणि वळणावळणांवर मुले खालचे धोम धरणाचे पाणी पाहत होती.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील माणूस बाजाराला, दवाखान्याला, परीक्षेला जातो तो बहुधा याच गाडीने. तिच्या आगारांत गाडी दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर धावली, याची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. हा आकडा ४५ पडतो की ५०, ही बाब बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आपण हिशेब करू. एक गाडी दिवसाला ३०० किलोमीटर धावते असे धरा. पहिल्या प्रमाणाने तिला सुमारे ६७ लिटर डिझेल लागेल, दुसऱ्या प्रमाणाने ६० लिटर. एका गाडीमागे दिवसाला सुमारे सात लिटरांचा फरक पडला. अशा एक हजार गाड्या धरल्या, तर तो रोजचा साडेसहा हजार लिटरांहून अधिक होतो. हे पैसे शेवटी तिकिटातूनच यावयाचे असतात. आणि तिकीट महागले, की त्याची झळ आठवड्याच्या बाजाराला कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन जाणाऱ्या आजीबाईला सर्वांत आधी लागते.

हे इंधन येते तरी कोठून? १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, भर समुद्रात खनिज तेल सापडले आणि दोन वर्षांत ते काढण्यास सुरुवात झाली. ‘बॉम्बे हाय’ हे नाव त्या काळी घरोघर झाले होते. तरीही आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग आजही परदेशांतून जहाजाने आणावे लागतात. तेव्हा दूरच्या समुद्रात काही बिनसले, की त्याचा परिणाम आपल्या गावच्या पंपावर दिसतो.

असा प्रसंग साऱ्या जगावर १९७३ च्या ऑक्टोबरात ओढवला. पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. पश्चिम जर्मनीत त्या नोव्हेंबर-डिसेंबरातल्या चार रविवारी खाजगी मोटारी बाहेर काढण्यास बंदी करण्यात आली. लोक ओस पडलेल्या महामार्गांवरून पायी आणि सायकलींवरून हिंडले. अमेरिकेत २ जानेवारी १९७४ रोजी कायदा करून साऱ्या देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, ही वेगाची कमाल मर्यादा घालण्यात आली. पुष्कळांनी ती मनापासून पाळली नाही, त्यामुळे पेट्रोलची बचत सरकारच्या अपेक्षेपेक्षा कमी झाली. परंतु एक वेगळीच गोष्ट घडून आली. १९७३ मध्ये त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ५४,००० माणसे मृत्यू पावली होती. १९७४ मध्ये ही संख्या सुमारे ४५,००० वर आली. प्रवासच कमी झाला, हे त्याचे एक कारण. वेग उतरला, हे दुसरे. तेलाच्या चिंतेने केलेल्या कायद्याने हजारो माणसे वाचली. ही मर्यादा १९९५ पर्यंत टिकली. स्पेन देशाने २०११ साली लिबियातील यादवीमुळे तेल महागले तेव्हा काही महिन्यांपुरती आपल्या महामार्गांवरची मर्यादा १२० वरून ११० वर आणली होती. त्याहून जुने आणि अधिक गमतीचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. १९४२ साली अमेरिकेने ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली, ती पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, तर चाकांचे रबर वाचवण्यासाठी! आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले होते, आणि वेगाने धावणारी चाके लवकर झिजतात.

धुराचाही विचार केला पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघाला, असे तुम्ही विचाराल. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो; वजनाची भर त्याची. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंमध्ये हा प्रमुख. रेल्वेच्या फाटकाशी दहा-दहा मिनिटे इंजिने चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेत, कडेवर मूल घेऊन पायी उभी असलेली बाई पदराने त्याचे नाक झाकते. तेव्हा हवेत काय सोडले जात आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. फाटक उघडेपर्यंत किल्ली फिरवून इंजिन बंद करणे एवढेच तेथे करावयाचे असते.

काटकसरीची ही विद्या किती टोकाला नेता येते, याच्या स्पर्धाही भरतात. १९३९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल या तेलकंपनीच्या काही शास्त्रज्ञांमध्ये पैज लागली, की एवढ्याच इंधनात कोणाची मोटार अधिक दूर जाते ते पाहू. जिंकणाऱ्याची गाडी लिटरमागे सुमारे २१ किलोमीटर गेली. त्या पैजेतून पुढे विद्यार्थ्यांसाठी एक मोठी स्पर्धा उभी राहिली आणि ती आजही भरते. अशाच एका प्रयत्नात २००५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘पॅक-कार’ नावाची गाडी धाववली. गाडीचे वजन ३० किलोंहून कमी, आकार लांबट थेंबासारखा, आणि चालक आत निजून गाडी हाकणारा. सुमारे एक ग्रॅम हायड्रोजन वापरून ती २० किलोमीटरांहून अधिक गेली. पेट्रोलच्या भाषेत बोलावयाचे तर लिटरमागे ५,३८५ किलोमीटर! तिचा वेग होता ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. या गाडीतून कोणी कचेरीला जाणार नाही, हे खरे. पण वजन, वारा आणि ब्रेक या तिघांना शक्य तितके दूर ठेवल्यावर काय होते, ते तिने दाखवून दिले.

तुमच्या घरी मोटार किंवा स्कूटर असेल, तर एक प्रयोग वडीलमाणसांच्या मदतीने करून पाहता येईल. पंपावर टाकी काठोकाठ न भरता, नळी आपोआप बंद होईल तेथपर्यंत भरून घ्यावी आणि गाडीच्या तबकडीवरील किलोमीटरांचा आकडा वहीत लिहावा. आठवडाभर गाडी नेहमीप्रमाणे चालू द्यावी. पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. आता जेवढे लिटर आत गेले, तेवढेच आठवड्यात जळले. दोन आकड्यांमधल्या अंतराला या लिटरांनी भागले, की गाडीचे अ‍ॅव्हरेज मिळते. दुसऱ्या आठवड्यात चाकांतली हवा बेताची करून, वेग आवरून, सिग्नल दुरून पाहून आणि ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवण्यास सांगावे, व हिशेब पुन्हा मांडावा. दोन्ही आठवड्यांत रस्ता आणि बसणारी माणसे शक्यतो तीच असावीत. ऐन पावसाळ्याचा आठवडा टाळावा, कारण ओल्या रस्त्यावर इंधन थोडे अधिकच लागते. एका आठवड्याने समाधान झाले नाही, तर चार आठवडे आलटून पालटून नोंदी ठेवाव्यात आणि वर्गातल्या इतर मुलांच्या नोंदींशी त्या ताडून पाहाव्यात.